कोणी सांगितले? : शेअरबाजारातील कानगोष्टींचा एक मागोवा

मुंबई-गोवा महामार्गावर कसालला मालवणचा रस्ता फुटतो. तिठ्यावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्यांच्या तोंडी पूर्वी ठरावीक विषय असत. पाऊस, आंबा आणि मुंबईहून कोण कोण येणार. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. "आज खयचो घेवूचो रे?" असा प्रश्न येतो आणि तो बांगड्याविषयी किंवा काजूच्या रोपाविषयी नसून शेअरविषयी असतो. मध्यंतरी त्याला मिळालेले उत्तर माझ्या लक्षात राहिले आहे. "माका काय विचारतंस? माकाच मास्तरान सांगल्यान." मास्तरांना त्यांच्या मेहुण्याने सांगितले होते. मेहुण्याला कोणी सांगितले, हे मास्तरांना ठाऊक नव्हते.

माहीतगाराला विचारण्यापेक्षा आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी माणसाला विचारायचे, ही रीत मोबाइलमुळे आली असे अनेकांना वाटते. पण मुंबईत तिला दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसाकडे वळल्या. पुढच्या चार वर्षांत मुंबईत नेहमीच्या व्यापारापेक्षा 70-80 कोटी रुपये जास्त आले, असा जुन्या लेखकांचा अंदाज आहे. हा पैसा गुंतवायला जागा हवी होती. मग जागा निर्माण करण्यात आल्या, काही तर अक्षरशः समुद्रात. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे शेअर विकले जात होते तेव्हा तिची बरीचशी जमीन पाण्याखाली होती. 1865 च्या आरंभी शहरात 31 बँका, 16 फायनान्शियल असोसिएशन, 8 जमीन कंपन्या आणि 20 विमा कंपन्या होत्या. 1850 मध्ये ज्या शहरात जेमतेम सहा दलाल होते, तिथे आता दोनशे-अडीचशे दलाल फिरत होते.

या कंपन्यांची माहिती सामान्य माणसाला मिळणार कुठून? आजच्यासारखे तिमाही निकाल नव्हते, आणि माहितीपत्रके असली तरी ती इंग्रजीत. प्रेमचंद रायचंद हे इंग्रजी लिहिता-वाचता येणारे पहिले एतद्देशीय दलाल म्हणून ओळखले जातात, यावरून इतरांची अवस्था लक्षात यावी. प्रेमचंदनी काय घेतले, त्यांच्या पेढीवर आज कोण येऊन गेले, हीच बाजाराची माहिती. ती टाउन हॉलसमोरच्या वडाखाली सुरू होई आणि कारकून, शिक्षक, वकील यांच्यापर्यंत पोचेतो तिच्यात किती पाणी मिसळले असेल, कोण जाणे. दिनशा वाच्छा त्या वेळी विशीत होते. पुढे त्यांनी या काळावर एक पुस्तक लिहिले, त्यानंतर प्रेमचंदांचे चरित्र आणि मग आपल्या आठवणी. शहरातल्या सर्व थरांना लागलेले हे वेड त्यांनी स्वतः पाहिले होते. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' 1863 चे, म्हणजे लाट चढत असतानाचे. ती ओसरल्यानंतरची मुंबई त्यांच्या लेखणीतून आपल्याला मिळाली नाही, कारण 1865 मध्येच ते वारले. ही रुखरुख मला नेहमी वाटत आली आहे.

त्यात मुदतीच्या सौद्यांची भर पडली. आज भाव ठरवायचा आणि पैसे पुढच्या तारखेला द्यायचे. अशा असंख्य सौद्यांची तारीख होती 1 जुलै 1865. एप्रिलमध्ये जनरल ली शरण आला, ती बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला. 1 जुलैला प्रत्येक जण कोणाचे तरी देणे लागत होता, आणि देण्यासाठी स्वतःचे येणे वसूल होण्याची वाट पाहत होता. पाच हजारांचा बॅकबेचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला होता, तो दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 ला गेलेला शेअर 87 रुपयांवर उतरला. 1864 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती 8,16,562 होती. 1872 मध्ये ती 6,44,405 भरली. ही सारी घट शेअरांच्या माथी मारता येणार नाही, पण रोजगार आटल्यावर ज्यांनी बोजे बांधून परतीचे गलबत धरले, त्यांत आपल्या किनाऱ्याची माणसे असणारच. त्यांतल्या बहुतेकांनी शेअर पाहिलाही नसेल.

या पडझडीत सापडलेल्यांपैकी मला सर्वांत अस्वस्थ करणारे नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे आहे. गोव्यात जन्मलेले, निष्णात डॉक्टर, महारोगावर औषध शोधणारे आणि प्राचीन लेखांचे संशोधक. शिलालेखाच्या दुसऱ्याने केलेल्या नकलेवर ते विसंबत नसत. स्वतः जात, नाहीतर भगवानलाल इंद्रजींसारख्या जाणत्याला पाठवून नवी नक्कल करवून घेत. शेअरच्या वेडात त्यांची मोठी आर्थिक हानी झाली. एका अक्षरासाठी इतका पुरावा मागणाऱ्या माणसाने शेअरांच्या बाबतीत तो का मागितला नाही? हावेचे उत्तर सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. शिलालेख एकट्याने वाचता येतो. बाजारात मात्र दगडावर काय कोरले आहे यापेक्षा इतर लोक ते काय वाचणार आहेत, याला भाव असतो. केन्सने 1936 मध्ये सौंदर्यस्पर्धेचा दृष्टान्त देऊन हेच सांगितले होते. आपल्याला सर्वांत सुंदर वाटणारा चेहरा निवडायचा नसतो, इतरांना कोणता वाटेल ते ओळखायचे असते. मग शेजाऱ्याला विचारणे हा निव्वळ मूर्खपणा राहत नाही. शेजारी हाच तर बाजार.

आणि हे फक्त हौशी लोकांचेच आहे असे नाही. हाँग, कुबिक आणि स्टाइन या अभ्यासकांनी 2005 मध्ये अमेरिकेतल्या म्युच्युअल फंडांच्या व्यवस्थापकांविषयी दाखवून दिले, की एकाच शहरातले व्यवस्थापक, वेगवेगळ्या कंपन्यांत असूनही, साधारण तेच शेअर घेतात आणि विकतात. त्यांचाही कुठेतरी एक तिठा असणार!

कायद्याची मात्र या कानगोष्टींपुढे पंचाईत होते. 2017 मध्ये काही कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲपवर फिरत असल्याचे उघड झाले. सेबीने फोन तपासले, संदेश पुढे पाठवणाऱ्यांना दंड केला. 2021 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो रद्द केला, कारण संदेश मुळात कंपनीतून फुटला होता की बाजारातली एक अफवा योगायोगाने खरी ठरली होती, हे सिद्ध झाले नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तोच निर्णय कायम राहिला. म्हणजे "मेहुण्याला कोणी सांगितले?" या प्रश्नाचे उत्तर सरकारलाही मिळाले नाही. फी घेऊन सल्ला देणाऱ्याला नोंदणी लागते. फुकट सांगणाऱ्या मास्तरांना ती लागत नाही. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला, असे सेबीच्याच पाहणीत आढळले. तरी तिठ्यावर आपण ऐकतो ते उरलेल्या सात टक्क्यांचे, कारण बुडालेला माणूस चहा संपवून गप्प बसतो.

असा गप्प बसलेला एक माणूस आमच्या घरात होता. माझे चुलते फोर्टमध्ये एका कचेरीत कारकून होते. हर्षद मेहताच्या तेजीत, 2 एप्रिल 1992 रोजी सेन्सेक्स 4,467 वर पोचला, त्याच्या आदल्या महिन्यात त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून शेअर घेतले. 23 एप्रिलला सुचेता दलाल यांची बातमी आली, आणि वर्षभरात सेन्सेक्स निम्म्यावर आला. काकांची कंपनी तर पुढे बाजारातूनच नाहीशी झाली. निवृत्तीनंतर ते कसालला परतले. बाजाराचे नाव त्यांनी कधी काढले नाही.

ते गेल्यावर ट्रंकेत पिवळी पडलेली सर्टिफिकिटे आणि हिशेबाची एक वही सापडली. कंपनीच नाहीशी झाल्याने सर्टिफिकिटांचा उपयोग नव्हता. वही मात्र मी वाचली. तारीख, नग, भाव आणि शेवटचा रकाना 'कोणी सांगितले'. पुढे कचेरीतल्या सोबत्यांची नावे. मागच्या पानांवर दुसरी यादी होती, तिचा मथळा 'मी सांगितले'. त्याखाली एकच नाव, माझ्या वडिलांचे. आणि त्यापुढे 1993 पासून 1999 पर्यंत कसालला पाठवलेल्या मनिऑर्डरी, कधी दोनशे, कधी दीडशे, गणपतीच्या महिन्यात काहीच नाही. पोस्टमन यायचा ते मला आठवते. काका घरखर्चाला पाठवतात, असे वडील आम्हांला सांगत.