जलशाचा मालक कोण?

धुळ्याजवळ लळिंग किल्ल्याच्या परिसरातील लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला जनसमुदाय लोटतो. १९३७ साली एका खटल्याच्या निमित्ताने धुळ्यास आलेल्या बाबासाहेबांचे वास्तव्य या बंगल्यात झाले होते. त्याची ही आठवण. खानदेशातून माणसे येतात, गायन पार्ट्या भीमगीते गातात. ऐकायला तिकीट लागत नाही. पण हेच गाणे बंगल्याचा परिसर सोडून बाजारात गेले, की त्याला मालक भेटतो. हा मालक कोण, आणि तो एवढा मोठा कसा झाला, हे आपण इतिहासात शिरून तपासले पाहिजे.

सत्यशोधक जलशाला आणि त्यामागून आलेल्या आंबेडकरी जलशाला भांडवल असे लागतच नव्हते. ढोलकी, तुणतुणे, चार गळे आणि गावकुसाबाहेरची मोकळी जागा एवढ्यावर तो उभा राहत असे. तमाशाचा बाज त्याने घेतला, आशय मात्र उलटा केला. काय गायचे ते गाणाराच ठरवीत असे.

नाशिकच्या बाजूला भीमराव कर्डकांचा जलसा ज्या दशकात गाजत होता, त्याच दशकाच्या आरंभी, १९३१ साली, इंग्लंडात ग्रामोफोन आणि कोलंबिया या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन ईएमआय ही कंपनी जन्मली. 'हिज मास्टर्स व्हॉईस' आणि 'कोलंबिया' ही दोन्ही नावे तबकड्यांवर राहिली, मालक मात्र एक झाला. ग्राहकाला दुकानात दोन नावे दिसत होती. तिजोरी एकच होती. विलीनीकरणाचे हे जुने कसब आजही तेच आहे. कोणाचा आवाज तबकडीवर उतरावा हे शहरातल्या ध्वनिमुद्रणगृहात ठरू लागले. तिथवर पोहोचण्याची वाट गावकुसाबाहेरून जात नव्हती.

ही कोंडी कॅसेटने फोडली. १९८०च्या दशकात थोड्या भांडवलावर कॅसेट काढता येऊ लागली आणि भीमगीते एसटी स्टँडच्या टपरीपर्यंत आली. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरांत गेला. परंतु या विजयात एक पराभव लपला होता. कवी आणि गायक बहुधा एकरकमी पैसे घेऊन कागदावर सही करीत. कॅसेट किती खपली, हे त्यांना कळण्याची सोय नव्हती. पुढे छोटी कंपनी मोठीने घेतली, की गाण्यांचे हक्कही दुकानातल्या मालासारखे हस्तांतरित होत.

केबलचीही कथा तीच. जळगाव-धुळ्याच्या गल्लीतला केबलवाला हा आपल्यातलाच माणूस असे. जयंतीची मिरवणूक तो स्थानिक वाहिनीवर दाखवू शकत असे. मग डिजिटल प्रसारणाची सक्ती आली. तिसऱ्या टप्प्यासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती, आणि या टप्प्यात आपली शहरे आली. नव्या यंत्रसामग्रीचा खर्च छोट्या माणसाला पेलणारा नव्हता. ज्याने वायर ओढली, तो बड्या कंपनीचा वसुली करणारा झाला.

आणि आता शिखर पाहा. ६ फेब्रुवारी २०२३ पासून पीव्हीआर आणि आयनॉक्स या देशातल्या दोन मोठ्या चित्रपटगृह कंपन्या एक झाल्या. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्सच्या आणि डिस्नेच्या भारतातील माध्यम व्यवसायांचे विलीनीकरण पूर्ण झाले. त्याचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये. वाहिन्या शंभराहून अधिक. स्पर्धा आयोगाने काही अटी घालून त्याला मान्यता दिली होती. पण आयोग बाजारातला हिस्सा मोजतो. पडद्यावर अहिराणी किती वेळ ऐकू येते, दलित वस्तीतले जगणे कोण लिहिते, हे मोजण्याचे माप त्याच्याजवळ नाही.

कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे. अहिराणी गाणी, खानदेशी विनोद यूट्यूबवर लाखो लोक पाहतात, मग रडता कशाला? हे खरे आहे, आणि कॅसेटच्या वेळीही असेच वाटले होते. २००६ साली यूट्यूब गूगलने विकत घेतले. अंगण मोठे मिळाले, पण सातबारा दुसऱ्याच्याच नावावर आहे. कोणते गाणे पुढे ढकलायचे, किती पैसे द्यायचे, हे तोच ठरवतो.

राज्याच्या नियंत्रणापासूनची मोकळीक ही अखेर खासगी मालकाची हुकूमशाही ठरते, असा इशारा बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये दिला होता. तो गिरणी आणि शेतीपुरता नाही.

मग करायचे काय? २०१२च्या कायदादुरुस्तीने चित्रपटातील आणि ध्वनिमुद्रिकेतील गाण्यांच्या वापराबद्दल कवी व संगीतकारांना मानधनाचा वाटा दिला आहे. तो सहीने सोडून देता येत नाही. किती शाहिरांना हे ठाऊक आहे? कार्यकर्त्यांनी हा कायदा गायन पार्ट्यांना वाचून दाखवावा. शिक्षक-विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या शाहिरांची गाणी, त्यांच्या वह्या, जुने करारनामे आजच गोळा करावेत. लांडोर बंगल्यावरचे गाणे ज्याच्या कंठातून निघते त्याचे नाव त्या गाण्यावर राहिले नाही, तर उद्या आपलेच गाणे ऐकायला आपल्यालाच वर्गणी भरावी लागेल.