मठांतून रंगमंचाकडे



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं देवळाच्या इतिहासाबरोबर देवळांतील गायनाचाहि थोडा विचार व्हावा, असें आम्हांस वाटलें. आपल्या गायकवर्गांतील एखादें मूल उद्यां दूरचित्रवाणीच्या स्पर्धेंत जाऊं म्हणालें, तर त्यास आपण काय सांगावें?

प्रथम थोडी मागची हकीकत. 1903 सालीं संत सेसिलियेच्या सणादिवशीं पोप पायस दहावे ह्यांनीं धर्मसंगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. नाटकी संगीत त्यांनीं उपासनेंतून दूर केलें. शिवाय गायकाची सेवा हें उपासनेंतील पद असल्यामुळें गायकवर्गांत स्त्रियांस प्रवेश नाहीं, असें ठरविलें. पुढें 1955 सालीं पायस बारावे ह्यांनीं कांहीं अटींवर स्त्रीपुरुषांच्या मिश्र गायकवर्गास मोकळीक दिली.

त्याच इटलींत 1988 सालीं सिसिली बेटावर क्रिस्तीना स्कुच्या जन्मली. 2008 सालीं एका संगीत नाटकांत तिला उर्सुलाइन भगिनींच्या एका संघाच्या संस्थापिकेची भूमिका मिळाली. वेष नाटकापुरता होता, पण हाक खरी निघाली. ती त्याच संघांत दाखल झाली, ब्राझिल देशांत दोन वर्षें गरीब मुलांमध्यें राहिली, आणि 2012 सालीं तिनें प्रथम व्रतें घेतलीं.

मार्च 2014 मध्यें ती एका राष्ट्रीय गायनस्पर्धेंत उभी राहिली. तेथें परीक्षक पाठ करून बसत व केवळ आवाजावरून निवड करीत. चौघेहि वळले, तों समोर धर्मभगिनी! कोट्यवधि लोकांनीं तें दृश्य पाहिलें. कार्डिनल राव्हासी ह्यांनीं संत पेत्राच्या पहिल्या पत्राचा आधार देऊन तिची पाठराखण केली. ज्यास जें दान मिळालें, तें त्यानें इतरांच्या सेवेस लावावें, असा त्या वचनाचा आशय आहे. 5 जून रोजीं शेंकडा 62 हून अधिक मतें मिळवून ती विजयी झाली, आणि त्याच रंगमंचावर तिनें प्रभूनें शिकविलेली प्रार्थना म्हटली.

येथें ही कथा संपली असती, तर सांगणें सोपें होतें. परंतु 2022 सालीं, आपण संघ सोडला असून स्पेन देशांत उपाहारगृहांत वाढण्याचें काम करीत आहों, असें तिनें स्वतःच दूरचित्रवाणीवर सांगितलें. तेव्हां पूर्वी टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं दगड उचलले.

आमच्या मतें दोन्ही वेळां उतावीळपणाच झाला. विजय म्हणजे पावित्र्याचा दाखला नव्हे, आणि संघ सोडणें म्हणजे श्रद्धा सोडणें नव्हे. एका तरुण जिवाच्या खांद्यावर लोकांनीं साऱ्या ख्रिस्तसभेची प्रतिष्ठा ठेवली. तें ओझें किती जड होतें, हें परमेश्वरासच ठाऊक.

म्हणून त्या मुलास आम्ही एवढेंच सांगूं: बाळा, खुशाल जा. तेथें मतें मोजतात, येथें कोणी मोजीत नाहीं. जिंकलास तरी रविवारीं मिस्सेला ये, हरलास तरी ये. गायकवर्गांत तुझी जागा राखून ठेवूं. आणि पालकहो, ती जागा खरोखर राखणें हें आपणां सर्वांचें काम आहे.