भांडणांची मोजदाद

तडजोडीच्या बैठकांत उमेदवारी केलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. 'आधी सुरुवात कोणी केली?' या प्रश्नाला नेहमी दोन उत्तरे असतात, आणि दोन्ही कागदोपत्री सिद्ध होतात. युद्धांचे इतिहास बहुधा याच प्रश्नावर लिहिले गेले. लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थांनी तो बाजूस ठेवला, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे.

त्यांचा जन्म १८८१ चा. पंथाने क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणारे. तरी घरी बसले नाहीत. १९१६ पासून फ्रान्सच्या रणभूमीवर जखमींची गाडी हाकीत होते. पेशा हवामानशास्त्राचा. १९२० मध्ये ते खाते विमानदलाच्या मंत्रालयाकडे गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर मानसशास्त्राची पदवी घेतली. (दिवसा काम करून रात्री वाचणाऱ्या आमच्यासारख्यांना याचा केवढा धीर वाटतो!)

पाऊस मोजावा तशी त्यांनी भांडणे मोजली. १८२० पासूनच्या सुमारे सव्वाशे वर्षांतील जीवघेणी भांडणे एकाच मापाने: एका खुनाला शून्य, दहा मृतांना एक, शंभरांना दोन, दहा लाखांना सहा. झेंडा कोणाचा, बाजू न्यायाची की अन्यायाची, युद्धाची घोषणा झाली होती की नाही, हे माप विचारीत नाही. त्यामुळे सहाच्या पायरीवर अमेरिकेचे यादवी युद्ध, चीनमधील ताइपिंग बंड आणि स्पेनचे यादवी युद्ध यांच्या पंक्तीला १९४६ ते १९४८ मधील आपल्याकडील जातीय कत्तली येऊन बसल्या. आपण त्यांना अजून 'दंगली' म्हणतो. गणवेश नव्हते, सेनापती नव्हते, एवढ्यावरून आपण त्या प्रेतांना हलके लेखतो काय?

हिशेबातून निघाले ते चमत्कारिक आहे. एकूण मृतांपैकी सुमारे साठ टक्के दोन महायुद्धांतले. त्याखालोखाल क्रमांक मधल्या लढायांचा नव्हे, एकट्यादुकट्या खुनांचा! एक भाषा बोलणारे कमी लढतात, ही समजूतही टिकली नाही. आणि युद्धांना काळाची ठरावीक लय सापडेना. कारखान्यातील अपघातांसारखे ते आहे. प्रत्येकाचे कारण निराळे, पण वर्षावर्षांची बेरीज मांडली की विखुरण एका नियमाने झालेली दिसते. म्हणून कोणी अपघातांना दैव म्हणू लागला, तर आम्ही त्याला आधी यंत्राभोवतीचे कुंपण दाखवितो. रिचर्डसनही दैववादी नव्हते. शस्त्रस्पर्धेची समीकरणे त्यांनी मांडली. पण माणसे थांबून विचार करणार नसतील तर काय करतील, तेवढेच ती सांगतात, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. १९५३ मध्ये ते वारले. त्यांचे दोन्ही मोठे ग्रंथ १९६० मध्ये बाहेर आले.

माझा आक्षेप दुसराच आहे. संप नाही म्हणजे गिरणीत शांतता आहे, असे मालक म्हणतो. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ओस्लोत शांतता-संशोधनाची संस्था उभी केली आणि १९६९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: टाळता येण्याजोगे मरण टाळले जात नसेल, तर मारणारा हात दिसो वा न दिसो, तीही हिंसाच. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. त्यांच्यावर कोणी गोळी झाडली नव्हती. त्यांना कोणत्या रकान्यात घालावयाचे, यावर शांततेच्या अभ्यासकांत आजही एकमत नाही.