मुका खांब आणि इतर टाके

मराठी मध्यमवर्गीय घरात एक काळ असा येऊन गेला की, जी वस्तू झाकायची काडीइतकी गरज नाही, ती क्रोशाच्या रुमालानं झाकलेली असे. रेडिओ झाकलेला, टीपॉय झाकलेला, पाण्याचा माठ झाकलेला (याला तरी काही कारण होतं). पुढं टीव्ही आला, तोही डोक्यावर पदर घेऊनच आला. घरात उघडे असायचे ते फक्त आजोबा.

या सगळ्याला आम्ही पुरुषमंडळी 'बायकांचा रिकामा उद्योग' म्हणत आलो. यातला 'उद्योग' हा शब्द आम्ही थट्टेनं वापरत होतो. इतिहासानं मात्र तो चांगलाच मनावर घेतलेला दिसतो. म्हणून हा प्रपंच.

क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ बारीकसा आकडा. हा आकडा आणि एक दोरा, एवढंच भांडवल. फासातून दोरा ओढत गेलं की साखळी. सुईला वेढा देऊन टाका उंच उभा केला की खांब. वेढा न देता बुटकाच ठेवला की मुका खांब. या बाराखडीत बटवा येतो, मोबाइलची पिशवी येते, केसांचा रबर येतो, बाळाचं टोपडं येतं आणि किल्ल्यांना लटकवायचं फूलही येतं. "खांबाला मुका का म्हणतात हो?" असं मी एकदा वहिनींना विचारलं. त्यांनी एक अक्षर न बोलता, पेपर वाचत बसलेल्या आमच्या दादाकडे पाहिलं.

आजीच्या हातात पाहिलेली कला म्हणजे थेट महाभारतकाळची, अशी आपली एक समजूत असते. क्रोशा तितका म्हातारा नाही. त्याचे नमुने छापलेले सापडतात ते 1823 साली, 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात. आणि तेही कशाचे, तर बटव्यांचे! ग्रीक कथेतली पेनेलोपी दिवसा विणायची आणि रात्री उसवायची. क्रोशावालीला रात्रीची वाट पाहावी लागत नाही. दोऱ्याचं टोक ओढलं की दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत खलास. आमच्याकडे हे खातं मांजराकडे आहे.

दोन सुयांवरचं विणकाम याच्या कितीतरी शतकं आधीचं. इजिप्तमध्ये त्याचे सुती मोजे सापडले आहेत. त्या विणकामाला यंत्रही लवकर भेटलं. 1589 साली नॉटिंगहॅमजवळच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र बनवलं. ज्या मुलीवर त्याचा जीव होता ती सदा विणण्यातच गढलेली असे, मान वर करीना, म्हणून चिडून यानं यंत्र काढलं अशी दंतकथा आहे. (आपल्याकडच्या माणसानं अशा वेळी कविता केली असती. यंत्र परवडलं.) एलिझाबेथ राणीनं त्याला हक्कपत्र दिलं नाही, हातानं विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल, असं ती म्हणाल्याचं सांगतात. ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. यंत्र मात्र राहिलं आणि वाढलं.

क्रोशा मात्र यंत्राच्या हाती लागला नाही. सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर शाळेतल्या पोरांसारखे रांगेत बसलेले असतात, त्यामुळे शंभर आकड्यांचं यंत्र एकदम शंभर टाके उचलू शकतं. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत. तो पुरा करायचा, मग आधीच्या कामात हवं तिथं सुई खुपसून दुसरा काढायचा. प्रयोग म्हणून कुणी कुणी यंत्रं जुळवली आहेत. पण दुकानात दिसणारा क्रोशाचा खरा बटवा अजून हातानंच विणलेला असतो. कुणाच्या, ते चिठ्ठीवर छापत नाहीत.

आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्या उपासमारीत घराघरातल्या बायकांच्या हातात आकडा आला. क्लोनिस गावात तिथल्या पाद्र्याच्या बायकोनं, कॅसांड्रा हँडनं, 1847 साली हे काम सुरू करून दिलं. व्हेनिसची महागडी लेस सुईनं करायला महिनोन् महिने लागत; क्रोशानं तशीच दिसणारी लेस कितीतरी लवकर होई. एकीनं फक्त गुलाब करायचे, दुसरीनं पानं, तिसरीनं सगळं जोडायचं. तिकडे लंडनच्या मडमा गळ्याभोवती नाजूक लेस मिरवीत होत्या आणि इकडे त्या लेसवर चुली पेटत होत्या.

आपल्या देशात हीच गोष्ट गोदावरीच्या काठानं घडली. आपल्या नाशकाची गोदावरी समुद्राला मिळते त्या मुलखात, आंध्रातल्या नरसापूरला, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशा शिकवला. तिथली लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या बाईंनी 1982 साली या विणणाऱ्यांवर पुस्तकच लिहिलं. दिवसाचे कित्येक तास विणून परकी चलन मिळवणाऱ्या या बायका घरच्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या लेखी 'घरीच असतात', म्हणून मजुरी नाममात्र. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे गावाचं नाव लागलं; विणणारीचं लागायचं आहे.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या वहिनींचा बटवा. सहा तास काम, दोरा ऐंशी रुपयांचा. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई तो घ्यायला आल्या. वहिनींनी तीनशे सांगितले. "घरबसल्या तर करता," बाई म्हणाल्या, "दीडशे घ्या." मी मनातल्या मनात हिशेब केला. दोरा वजा जाता सत्तर रुपये, म्हणजे तासाला बारा रुपयेसुद्धा नाहीत. एक कटिंग चहा.

"मॉलमध्ये दोनशेला मिळतो," बाईंनी शेवटचा बाण सोडला.

"मिळत असेल," वहिनी म्हणाल्या, "तोही कुणीतरी घरबसल्याच केलाय." आणि बटवा उचलून त्यात त्यांनी स्वतःच्या किल्ल्या टाकल्या.

एवढ्यात पेपरामागून आवाज आला, "आता चारशे."

दादाचा हा सकाळपासूनचा पहिला उद्गार. बाई दचकल्या, वहिनी त्याहून जास्त. शेवटी किल्ल्या बाहेर निघाल्या आणि बाई साडेतीनशे मोजून बटवा घेऊन गेल्या. दादानं पेपर उलटला.