थ्री नॉट थ्रीचं सावत्र भावंड

चीन युद्धानंतर, साठच्या दशकात, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातून ७.६२ मिलिमीटरची '२ए१' रायफल बाहेर पडू लागली. अंगलट जुन्या ली-एनफिल्डची, काडतूस नवं. लष्कराला ती नकोशी झाल्यावर त्यातल्या बऱ्याच रायफली अमेरिकेच्या बाजारात पोचल्या. तिथल्या व्यापाऱ्यांनी काहींच्या नळ्या कापून 'जंगल कार्बाइन'च्या घाटाच्या आखूड कार्बाइन केल्या आणि हौशी नेमबाजांनी त्या दुकानात उभं राहून, हाताळून, पारखून घेतल्या. आमच्या वसईतल्या नेमबाजाला मात्र ती घेता येत नाही. आपल्याच कारखान्याचा माल, पण बोअर (नळीचं माप) लष्करी, म्हणजे निषिद्ध. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तसं आहे, आणि कायद्यामागची भीती इंग्रजांच्या काळातली.

१८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या सरकारनं परवान्याचा कायदा केला. गोऱ्यांना त्यातून सूट, कुर्गच्या कोडवांनाही. बाकी सगळे अर्जदार. चिमाजीअप्पांच्या फौजेनं १७३९ साली सुरुंग लावून ज्या वसईचा तट फोडला, तिथल्या शेतकऱ्याला आता ठासणीची बंदूक ठेवायची तरी साहेबाची सही लागे.

पण सरकारला बंदुकीपेक्षा काडतुसाचा धाक जास्त होता. पलटणीतून चोरलेली गोळी बाहेरच्या बंदुकीत चालली तर? म्हणून १९०७च्या सुमारास .४५० बोअरवर बंदी आली. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा बोअरही तोच, ही धास्ती. विलायतेतल्या बंदूकवाल्यांना हत्ती-वाघांच्या शिकारीसाठी .४७० सारखी नवी काडतुसं काढावी लागली. थ्री नॉट थ्रीचीही तीच गत. मग बीएसए कंपनीनं हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी तोडगा काढला: सांगाडा, बोल्ट सगळं ली-एनफिल्डचं, नळी मात्र .३१५ची. हे काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या फौजेचं. म्हणजे तेही लष्करीच, फक्त इथल्या पलटणीत कुणाकडे नव्हतं! स्वातंत्र्यानंतर इशापूरनं हीच '३१५' पुढे चालवली. साहेब गेला, त्याचा संशय आपण जसाच्या तसा ठेवून घेतला.

पारोळच्या आमच्या काकांकडे अशीच एक जुनी ३१५ होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. तुंगारेश्वराच्या पायथ्याला भात तयार झालं की रात्री माळ्यावर जागावं लागे. ती घ्यायला ते मुंबईच्या दुकानात गेले तेव्हा मी सोबत होतो. दुकानदारानं तीन रायफली मांडल्या. काकांनी लाकडाची चकाकी पाहिलीच नाही. बोल्ट काढला, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख तिरकं धरलं आणि पुढून डोळा लावला. नखावरून परतलेल्या उजेडात आतले आटे दिसतात. पहिलीत गंजाचे खड्डे होते. दुसरीची नळी आरशासारखी, पण बोल्टवरचा नंबर वेगळा आणि अंगावरचा वेगळा.

"काका, नंबरात काय आहे? चालते मस्त," दुकानदार म्हणाला.

"दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट आहे हा. काडतुसाच्या बुडाशी फट राहिली तर केस फाटून गॅस माझ्या तोंडावर येईल. तुझं काय जातंय?"

तिसरीचा दस्ता ओरखडलेला, पण नंबर जुळत होते. तीच घेतली. घरी आल्यावर काकूनं विचारलं, "एवढे पैसे देऊन जुनीच आणली?"

पुढे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीची हौस संपवली, आणि निवडणूक आली की रायफल पोलीस ठाण्यात जमा. काका गेल्यावर तिची विल्हेवाट लावायला चुलतभावानं किती कागद जमवले ते त्यालाच ठाऊक. आता तर परवान्याच्या फाइलीचा पत्ताही बदलला. पूर्वी ठाण्याचे जिल्हाधिकारी, २०१४ला जिल्हा झाल्यावर पालघरचे, आणि २०२०च्या ऑक्टोबरपासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचे पोलीस आयुक्त. २०१९च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. लष्करी बोअर मोकळे सुटावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण नुसत्या खेळण्यासाठी .२२ घेणाऱ्यालाही त्याच वाटेनं जावं लागतं, हे खटकतं.

खेळाची सोय आपल्याकडे नव्हती असं नाही. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली ती लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर यांच्या पुढाकारानं. त्यांच्या नावाची स्पर्धा अजून नेमबाजांची पहिली मोठी पायरी आहे. वरळीच्या रेंजवर घडलेली अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीत पोचली, तीही एअर रायफलवर.

मला कुणी पोरगं विचारायला आलं, की मी ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल सांगतो. तिला परवाना लागत नाही. फक्त बॅग लांबलचक असते, तेव्हा सकाळच्या विरार फास्टनं जाऊ नकोस, दुपारची गाडी धर.