दार, साणे आणि आग

बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, बालाघाटाच्या रांगा जवळ येऊ लागतात तेथे, बिंदुसरेच्या काठी पाली हे गाव आहे. नदीला या ठिकाणी धरणाने अडविले आहे, आणि बीडच्या बाजूला निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने बांधविलेली खजाना बावडी आहे. म्हणजे हा सारा टापू शतकानुशतके पाण्याच्याच विवंचनेत राहिलेला. अशा मुलखात आगीशी झुंजावयाचे तर पाण्याच्या भरवशावर झुंजता येत नाही. वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात आणि कडब्याच्या गंज्या वाळून कोळ होतात, नेमका तोच आगीचा हंगाम; म्हणून येथील जुन्या गवंड्या-सुतारांनी घराच्या रक्षणाचे काम पाण्याकडे न देता मातीकडे दिले, आणि जेथे मातीचा इलाज चालत नसे, म्हणजे दारापाशी, तेथे माणसाला निजविले.

माळवदाचे घर ज्याने बांधताना पाहिले असेल त्याला हे निराळे सांगावयास नको. पांढऱ्या मातीच्या किंवा दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, त्यांच्या आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीने बसविलेली किलचणे, त्यांवर पाला-चिपाडांचा थर, मग चिखल, आणि सर्वांत वर खाऱ्या मातीचा जाड लेप, जो दर पावसाळ्यापूर्वी नव्याने घालावा लागे. अशा छपरावर शेजारच्या गंजीची ठिणगी पडली तर ती तेथेच मरते. गवताने शाकारलेल्या घरांची आळी एका ठिणगीने घटकाभरात भस्मसात होते, तसे माळवदाच्या आळीचे सहसा होत नाही. या छपराला एकच वैगुण्य असे, ते म्हणजे साणे. चुलीचा धूर जावा आणि माजघरात उजेड पडावा म्हणून माळवदाला ठेवलेले हे हातभर भोक. पावसात त्यावर शिळा किंवा फुटके घमेले पालथे घालीत, आणि जेथे घरात काही चीजवस्त असे तेथे त्यात लोखंडी गज बसवीत. माळवदे एकमेकांना लागून असल्यामुळे एका टोकाच्या घरावर चढलेला मनुष्य छपरांवरूनच आळीच्या दुसऱ्या टोकाला पोचू शके, आणि साण्यातून खाली काय टाकावे हे मग त्याच्या हेतूवर अवलंबून असे. बाहेरून न जळणारे हे घर आतून मात्र सगळे लाकडाचे: आत पडलेला बोळा विझला नाही तर खांब जळत, आणि खांब जळाले म्हणजे टनावारी माती खाली येई.

तेव्हा घराचे अग्नीपासून रक्षण म्हणजे मुख्यतः छिद्रांचा हिशेब. उजेडासाठी, धुरासाठी, माणसासाठी, पुढे पत्रासाठी घराला जी जी वाट ठेवावी लागते, ती ती वाट आगीलाही मोकळी असते. आणि ती बुजवावी तर घर राहण्याजोगे उरत नाही.

हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना आगीला बराच विस्तार दिला आहे: उन्हाळ्यात दिवसाच्या भर उन्हाच्या वेळी घरात अग्नी पेटवू नये, पाण्याचे घडे, द्रोणी, शिडी, परशू, सूप, आकडा आणि कातडी पखाल ही सामग्री तयार असावी, गवताची छपरे काढून टाकावीत, अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांना एका बाजूस वसवावे, रस्त्यांवर पाण्याची भांडी हजारांनी मांडून ठेवावीत. जळत्या घराकडे धावून न जाणाऱ्या मालकाला १२ पण दंड आणि भाडेकऱ्याला ६ पण, निष्काळजीपणाने आग लागली तर ५४ पण, आणि बुद्धिपुरस्सर आग लावणाऱ्याला त्याच अग्नीत देहान्त. परंतु या सगळ्या जंत्रीत मला विशेष वाटते ती एक साधी आज्ञा, की घरधन्यांनी रात्री आपापल्या घराच्या दारापाशी असावे. आग लावणारा दाराने येतो हे त्या व्यवहारकुशल ब्राह्मणाने पुरते ओळखले होते.

मराठवाड्यातील वाड्यांनी ही आज्ञा न वाचताच पाळली. वाड्याच्या महाद्वारातून आत शिरले की प्रथम लागते ती ढेलज: दोन्ही बाजूंना ओटे, वर माळवद, आणि ओट्यांवर रात्री निजणारे गडीमाणूस किंवा घरातलाच एखादा म्हातारा, ज्याला झोप अशी कधी लागतच नाही. थोरला दरवाजा दिवेलागणीनंतर अडसर घालून बंद होई. त्याच्या एका फळीत असलेल्या दिंडीतून, वाकून, एका वेळी एकच माणूस आत येऊ शके, आणि तोही ओट्यावरच्या मनुष्याने विचारपूस केल्यावर. दारापासून राहत्या सोप्यापर्यंत मध्ये उघडा चौक असल्यामुळे दाराशी काही पेटले तरी ज्वाला माजघरापर्यंत पोचावयास वेळ लागे. गरिबाच्या तीन खणांच्या घराला ढेलज कोठून असणार? तेथे ओसरी असे, आणि ओसरीवर बाज. गावाला वेस असे, वेशीवर येसकर असे. तो महार वतनदार रात्रभर जागे, आणि गावात शिरणाऱ्या प्रत्येक अनोळखी पावलाचा जबाब त्याला पाटलाला द्यावा लागे. त्याच्या जागण्याच्या मोबदल्यात त्याला जे मिळे, ते त्या जागण्याच्या मोलाचे होते असे कोणी म्हणणार नाही.

अर्थात फौज आली म्हणजे वेस, येसकर आणि अडसर या तिघांचेही काही चालत नसे. १७६३ साली निजामअलीने पुण्यावर चाल केली, तेव्हा ज्या घरांची खंडणी भरली गेली ती वाचली आणि बाकीची पाडली किंवा जाळली गेली. त्याच वर्षाच्या १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे, म्हणजे आजच्या बीड जिल्ह्यातच, माधवराव पेशव्यांनी त्याचे पारिपत्य केले. पुढे पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनीही जाळपोळीचा उपयोग असाच केला: आग हे त्यांचे वसुलीचे हत्यार होते, आणि घर जाळण्यापेक्षा ते जाळण्याची दहशत अधिक उत्पन्न देई.

ती दहशत या भागातील वृद्धांनी स्वतः अनुभवली ती १९४७-४८ साली. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातील अनेक गावांनी जाळपोळ पाहिली. लोक बायकामुलांसह सरहद्द ओलांडून मुंबई इलाख्यात, अहमदनगरच्या बाजूला, आश्रयाला गेले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली, पण त्यानंतरच्या दिवसांत सूडाची आग मुसलमानांच्या वस्त्यांवर उलटली, आणि सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांत हे घडल्याची नोंद केली त्यांत बीडही आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत, गांधीजींच्या वधानंतर, सातारा-कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरे जळत होती. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ कादंबरीचा तोच विषय आहे. या तिन्ही ठिकाणी जमाव समोरच्या दाराने आला, आणि पुष्कळ वेळा ओळखीचा होता. ओट्यावर निजलेला म्हातारा अनोळखी पावलाला हटकू शकतो. गावच उलटले तर तो कोणाला हटकणार?

साता समुद्रांपलीकडे मात्र याच्या कितीतरी आधी घराच्या दाराला एक नवे छिद्र पडले होते. इंग्लंडात १८४० पर्यंत टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा देई, म्हणून पत्रवाल्याला प्रत्येक दार ठोठावून कोणीतरी येईपर्यंत तिष्ठावे लागे. रोलंड हिलच्या सुधारणेने एका पेनीचे तिकीट आधीच लावावयाचे ठरले, तेव्हा माणसाची गाठ घेण्याचे कारणच उरले नाही. टपालखात्याने लोकांना दारालाच फट पाडण्याचा आग्रह सुरू केला आणि विसाव्या शतकापर्यंत ती फट इंग्रजी दाराचा अविभाज्य भाग झाली. टपाल आणि आग यांची गाठ मात्र आधी पडली ती रस्त्यावरच्या टपालपेटीत: १९११ च्या डिसेंबरात एमिली डेव्हिसन या मताधिकारवादी स्त्रीने लंडनच्या पार्लमेंट स्ट्रीटवरील पेटीत रॉकेलात भिजविलेले कापड पेटवून टाकले, आणि पुढील दोन-तीन वर्षांत हा तिच्या पक्षाचा एक मार्गच होऊन बसला. आपल्याकडे १९४२ च्या आंदोलनातही टपालपेट्या जळाल्या. पण त्या सरकारच्या पेट्या होत्या. तेथे कोणी झोपत नव्हते.

घराच्या दारातील फटीचा दुरुपयोग झाला तेव्हा तो झोपलेल्यांवर झाला. जुलै १९८१ मध्ये लंडनच्या वॉल्थमस्टो भागात एका आशियाई कुटुंबाच्या दारातील फटीतून पेट्रोल ओतून आग लावण्यात आली, आणि आई व तिची तीन मुले त्यात गेली. मे २००२ मध्ये हडर्सफील्ड येथे अशाच हल्ल्यात एका घरातील आठ जण मेले, त्यांत पाच मुले होती. तेथल्या रांगघरांची रचनाच अशी, की दार उघडले की अरुंद बोळकांडी, तीत गालिचा आणि खुंट्यांवर टांगलेले कोट, आणि त्या बोळकांडीतूनच वर निजावयाच्या खोल्यांकडे जाणारा एकमेव लाकडी जिना; दाराशी पेटले की जिना हाच धुराडे बनतो, आणि सुटकेची वाट तीच आगीची वाट होते. आपल्या वाड्यातल्या चौकाची किंमत अशा वेळी कळते. १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून कितीतरी मराठी कुटुंबे असल्याच घरांतून राहत आली आहेत.

त्यावर तेथील अग्निशमन दलांनी जे उपाय योजले ते फार गुंतागुंतीचे नाहीत. फटीच्या आतल्या अंगाला पोलादी डबा बसवावयाचा, जेणेकरून बाहेरून जे काही येईल ते जमिनीवर न सांडता डब्यातच राहील आणि झाकणामुळे हवा न मिळून विझेल. काही डब्यांत उष्णतेने आपोआप फुटून आग मारणारे द्रव्य असते. त्याहून सोपे म्हणजे फट कायमची बुजवून पत्रपेटी बाहेरच्या भिंतीवर लावणे. जोडीला धुराची सूचना देणारे यंत्र, आणि रात्री आतली सर्व दारे लावून निजण्याची सवय. ज्या घराला धमकी आली आहे तेथे दलाची माणसे स्वतः येऊन हा डबा बसवून देतात. कौटिल्याने दाराशी घरधन्याला बसविले होते, त्याच्या जागी हा डबा आला, आणि तो पेंगत नाही हे खरे.

पालीसारख्या गावात दाराला फट पाडण्याची वेळच आली नाही. निजामाच्या राज्याची स्वतःची टपालव्यवस्था होती, तिची तिकिटे १८६९ पासून निघत, आणि १ एप्रिल १९५० ला ती भारतीय टपालखात्यात विलीन झाली. पण राजवट कोणतीही असो, खेड्यात पत्र माणसाच्या हातात पडे. पोस्टमन ओसरीवर टेके, पाणी पिई, आणि घरात वाचणारे कोणी नसले तर पाकीट फोडून मजकूरही तोच वाचून दाखवी, जे नियमात बसत नसले तरी सगळ्यांना मान्य होते. असे दार दिवसा बंदच नसते, मग त्याला फट कशाला हवी?

आता ते दार बदलले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे जवळजवळ ८,००० माणसे मेली, ती बहुतेक अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली. आगीला दाद न देणारे वजनच त्यांच्या जिवावर उठले, आणि तेव्हापासून जाड माळवदाचा विश्वास मराठवाड्यातून उडाला. त्याच्या जागी पत्रा आला, ऐपत असेल तेथे सिमेंटचा स्लॅब. स्लॅब जळत नाही, पण त्या घराच्या खिडक्यांना चोराच्या भीतीने पक्क्या लोखंडी जाळ्या असतात, मागचे दार पुष्कळदा नसतेच, आणि पुढच्या दाराशी मोटारसायकल उभी असते, जिच्या टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल असते. वाड्याच्या चौकाने जे अंतर राखले होते ते येथे हातभरही उरलेले नाही. निदान एका खिडकीची जाळी आतून उघडणारी असावी आणि गाडी रात्री दारापासून दूर लावावी, एवढे तरी बांधणाऱ्याने आणि राहणाऱ्याने ध्यानात घ्यावयास हवे. ३० ऑक्टोबर २०२३ ला आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागून बीड आणि माजलगाव येथे लोकप्रतिनिधींची घरे पेटविली गेली व संचारबंदी जारी करावी लागली, तेव्हा या प्रशस्त बंगल्यांना उंच फाटकांचाही उपयोग झाला नाही.

आणि ज्यांना फाटकच नाही त्यांचे? बालाघाटाच्या गावांतून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जातात. तेथे ती कोपीत राहतात: बांबूच्या कामट्या, वर पाचट किंवा चटई, त्यावर ताडपत्री, आणि एकीला लागून एक अशी रांग, चूल दाराशी, अंथरूण चुलीपासून चार पावलांवर, आणि दार म्हणजे लुगड्याचा किंवा पोत्याचा पडदा. कौटिल्याने काढून टाकावयास सांगितलेले गवती छप्पर येथे दर हंगामाला नव्याने उभे राहते, आणि रांगेतील एक कोपी पेटली की शेजारच्या वाचविण्यासाठी पाण्याआधी कोयताच उपयोगी पडतो, बांधलेल्या दोऱ्या छाटून ताडपत्री ओढून काढावयास. त्या सहा महिन्यांत गावातल्या त्यांच्या पत्र्याच्या घराला बाहेरून कुलूप असते, म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे ओसरीवर निजतात, आणि बँकेची किंवा सोसायटीची नोटीस आली तर पोस्टमन ती शेजाऱ्याच्या हाती देतो.