ईईजी : मेंदूची लहर कोणती आणि गोंगाट कोणता?

मेंदूतील विद्युत हालचालींची डोक्याच्या त्वचेवरून घेतलेली नोंद म्हणजे ईईजी. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाची अशी पहिली नोंद घेतली. ती १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. आज फिटच्या आजाराचे (अपस्मार) निदान करताना ही तपासणी नेहमी केली जाते.

गोंगाट कुठून येतो?
त्वचेपर्यंत पोहोचणारा संकेत साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. नुसती पापणी लवली तरी याहून मोठी लाट उमटू शकते. आवळलेला जबडा, घाम, हृदयाचे ठोके, सैल इलेक्ट्रोड आणि आसपासची वीज (भारतात ५० हर्ट्झ) हेही नोंदीत मिसळतात.

तो कसा गाळतात?
घामामुळे येणारे संथ चढउतार अर्ध्या हर्ट्झच्या आसपासच्या फिल्टरने कमी होतात. विजेसाठी ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर असतो. स्नायूंचा गोंगाट मात्र २० हर्ट्झच्या पुढे मेंदूच्या बीटा आणि गॅमा लहरींतच मिसळलेला असतो, त्यामुळे केवळ फिल्टरने तो सुटत नाही. अशा वेळी अनेक इलेक्ट्रोडच्या नोंदी एकत्र घेऊन गणिताने त्यांचे स्वतंत्र घटक वेगळे करतात आणि डोळ्यांचे, स्नायूंचे घटक वगळतात. कोणता घटक वगळायचा, हा निर्णय बहुधा माणूसच घेतो.

धोका काय?
जास्त गाळले तर स्नायूंचा गोंगाटही मेंदूच्या लहरीसारखा दिसू लागतो आणि फिट नसलेल्याला फिटचा शिक्का बसू शकतो. उलट, ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच, असेही ठरत नाही. म्हणून तपासणीआधी केस धुवावेत, तेल लावू नये आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

हक्काचा प्रश्न
हेच संकेत वापरून पोलीस तपासात 'ब्रेन मॅपिंग' केले जाते. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या कलम २०(३) आणि २१ च्या आधारे निकाल दिला, की ही चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष थेट पुरावा ठरत नाही. ताब्यात घेतलेल्या माणसाला मदत करताना कार्यकर्त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.